भीमाकाठी तार आणि लहर

शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे-सुप्याबरोबर मोडणाऱ्या इंदापूर परगण्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अंमलदारांनी साखळीने जमीन मोजून जी जमाबंदी केली, तीच पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीचा नमुना ठरली; तथापि शेतांचे क्षेत्र दफ्तरात नोंदले गेले, तरी वार्ता मात्र हरकाऱ्याच्याच पायाने चालत राहिली. 1858 मध्ये पुण्याहून दिकसळपर्यंत लोहमार्ग आला आणि रुळांच्या कडेने विद्युत्तार आली, तेव्हा संदेशाचा वेग प्रथमच घोड्याहून अधिक झाला, पण तो स्थानकापुरताच. डाळज हे याच परगण्यातील, महसुली दफ्तरात नंबर एक, दोन आणि तीन अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे गाव (नावे सुचत नसली की कारकुनाला आकडे सुचतात); अशा गावांतील घरांपर्यंत तांब्याची तार पोचायला शतकाहून अधिक काळ गेला, आणि तोवर 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने भीमाकाठचा भूगोलच पालटला होता.

टेलिफोनच्या त्याच तारेवरून, आवाजाच्या वरच्या कंप्रतांवर, डीएसएलने इंटरनेट आणले. 2004 च्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँडच्या वेगाची किमान मर्यादा सेकंदाला 256 किलोबिट ठरविली होती. आज हा आकडा हास्यास्पद वाटतो. परंतु इंटरनेटवर खेळ खेळणाऱ्या पोराने हसण्यापूर्वी एक विचार करावा. नेमबाजीच्या खेळात चालू सामन्याला लागणारी माहिती अगदी अल्प असते, आणि जय-पराजय ठरतो तो आज्ञा सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याच्या कालावधीवर, म्हणजे पिंगवर, व त्याहूनही अधिक त्या पिंगच्या स्थैर्यावर. तार धड असेल आणि टेलिफोन एक्स्चेंज जवळ असेल, तर डीएसएल मंद असूनही एकसारखी चालते. मात्र अंतर चार-पाच किलोमीटरांपलीकडे गेले, किंवा पावसाळ्यात जोडांत पाणी शिरले, की तिची सारी अब्रू जाते. शिवाय खेळाची नवी आवृत्ती उतरवून घ्यायला तिच्यावर रात्र सरते.

उलटपक्षी फिक्स्ड वायरलेसला खांबही नको आणि खोदकामही नको: गच्चीवर ॲन्टेना बसवून टॉवरकडे तोंड केले की झाले. सप्टेंबर 2023 मध्ये जिओने पुण्यासह आठ शहरांत एअरफायबर सुरू केले, आणि वेगाच्या बाबतीत डीएसएलला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. परंतु टॉवरची क्षमता साऱ्या गिऱ्हाइकांत वाटली जाते. संध्याकाळी सारा गाव मालिका आणि क्रिकेट पाहू लागला, की पिंग क्षणात वर जाते, क्षणात खाली येते, आणि नेमक्या गोळीच्या वेळी पडदा गोठतो. जलाशयाच्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या लहरी मूळ लहरीत मिसळून तिला क्षीण करू शकतात, हेही धरणकाठच्या घराने ध्यानात घेण्याजोगे आहे.

माझे मत असे, की एक्स्चेंजच्या वेशीतील घराने सामन्यांसाठी तार सोडण्याची घाई करू नये. दूरच्या वस्तीने निःसंकोच लहरीचा आश्रय घ्यावा, फक्त करार करण्यापूर्वी शेजाऱ्याच्या जोडणीवर रात्री नऊ वाजता पिंग पाहावी, दुपारी नव्हे. अर्थात ही निवडही फार काळ हाती राहणारी नाही, कारण भारत संचार निगम तांब्याचे ग्राहक प्रकाशतंतूवर नेत आहे, आणि ज्या वाडीत तो पोचेल तेथे हा वाद आपोआपच निकालात निघेल.