मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन
मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीत वापरली जाणारी ३० गुणांची चाचणी होय. ती १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीत रुग्णास दिनांक व स्थळ विचारतात, सांगितलेले तीन शब्द थोड्या वेळाने आठवावयास लावतात, १०० मधून सात-सात वजा करावयास सांगतात, एक वाक्य लिहून घेतात व परस्परांना छेदणारे दोन पंचकोन काढून घेतात. ज्याने कधी पाटी-पेन्सिल हाती धरली नाही, त्याचे गुण स्मरणशक्ती शाबूत असूनही कमी भरतात. उलट उच्चशिक्षिताचा आजार चांगल्या गुणांआड दडू शकतो. म्हणूनच हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी तिचे हिंदी रूपांतर करण्यात आले. निदानासाठी घरच्यांनी दिलेली माहितीही महत्त्वाची असते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार व नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. त्यामुळे ही कारणे आधी तपासली जातात.