लाखोळीची डाळ आणि अन्ननिरीक्षक

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत लाखोळी, म्हणजेच लाख, हे कोणी मुद्दाम मांडून केलेले पीक नव्हे. धान पिकत आला की ओल्या बांधीत बी फेकायचे. नांगरट नाही, खत नाही. उरल्या ओलीवर ती वाढते. कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वरण आणि वडे, भुसा जनावरांना. अशा घरच्या धान्याची विक्री १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत गुन्हा ठरली. त्या बंदीचा इतिहास वाचताना एकच प्रश्न आम्हांला खटकत राहिला : शासनाचा निरीक्षक नेमका कोणाच्या दारात उभा होता?

बंदी निष्कारण नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. सागर भागात १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने आणि १८३१ साली रोगाने गहू बुडाला. तगली ती लाखच. पुढे तिच्यावरच जगलेली तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली, असे स्लीमन याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. या दाण्यातील विषद्रव्य बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी वेगळे काढले ते १९६४ साली, म्हणजे बंदीनंतर.

परंतु नियमाची भाषा पाहा. विकणे, विक्रीसाठी बाळगणे, हरभऱ्याच्या डाळीत वा बेसनात मिसळणे. निरीक्षकाने किंमत देऊन नमुना घ्यावा, साक्षीदारासमोर त्याचे तीन भाग करून सील करावेत, एक भाग विश्लेषकाकडे पाठवावा. ही सारी व्यवस्था किराणा दुकानाच्या गल्ल्यासमोर शोभणारी. लकवा मात्र वाटीभर वरणाने होत नाही. महिनोन्‌महिने तेच मुख्य अन्न झाले म्हणजे होतो. स्लीमनच्या सागरात दुकान कुठे होते? रीवा भागातील वेठबिगारांना हीच डाळ मजुरी म्हणून मिळे. त्या मजुरीचा नमुना कोणी सील करायचा? भेसळीचा कायदा हरभऱ्याच्या गिऱ्हाइकाला जपत होता, लाखेवरच जगणाऱ्याला नव्हे, असे आमचे मत आहे.

त्यातही नियम कोणत्या तारखेपासून लागू करायचा, हे प्रत्येक राज्यावर सोपविले होते. महाराष्ट्राने बंदी आणली, मध्य प्रदेशाने आणली नाही. त्यामुळे गडचिरोलीच्या पूर्व सीमेवर एकच डाळ अलीकडे गुन्हा आणि पलीकडे बाजारातला माल ठरली. विज्ञानाला अशी सीमा ठाऊक नसते.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे चळवळ केली, उपोषणे केली. २००८ साली महाराष्ट्राने बंदी उठविली. ५ ऑगस्ट २०११ पासून जुन्या कायद्याची जागा नव्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली आणि अन्ननिरीक्षकाचा अन्नसुरक्षा अधिकारी झाला. लाखेविषयीचे कलम मात्र नव्या नियमावलीतही उतरले. दरम्यान कमी विषाचे ‘रतन’, ‘प्रतीक’ असे वाण निघाले होते. बियाणे सुधारून जे साधण्याजोगे होते, त्यासाठी इतकी वर्षे पंचनामेच का करावे लागले, हे आम्हांला उलगडलेले नाही.

जाता जाता एक गंमत. नियमात दाणा होता, डाळ होती, पीठ होते. पाल्याचा उल्लेख नव्हता. बंदीच्या ऐन काळातही लाखोळीची भाजी विकायला कायद्याची आडकाठी नव्हती.