सळीपासून तेलापर्यंत

मुंबईत वाकोल्याच्या पुलावरून पश्चिम द्रुतगती मार्गाने उत्तरेकडे निघालं, की आधी आरे लागतं आणि पुढे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. उपनगरातल्या माउंटन बाइकवाल्याच्या वाट्याला डोंगर येतो तो एवढाच. तेव्हा इथे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवाच कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर उतारात सापडत नाही. ते पावसात सापडतं.

काळ्या सायकलींच्या जमान्यात ब्रेक सळीचा असायचा. वरळीच्या हिंद सायकल्सचा कारखाना याच काळातला; 1980 मध्ये सेन-रॅले या सायकल कंपनीसोबत त्याचं राष्ट्रीयीकरण झालं. सळी ओढली की रबर क्रोमच्या रिमवर घासायचं. कोरड्या रस्त्यावर ठीक. जुलैत मात्र गुळगुळीत ओल्या रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत चाकाचे काही फेरे होऊन जायचे, तोवर पुढचा माणूस जवळ आलेला असायचा. शर्यतींनाही ब्रेकचं फारसं कौतुक नव्हतं. 1945 मध्ये सुरू झालेल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. घाट उतरणाऱ्याला कुणी राजा केलं नाही!

उताराचं वेड कॅलिफोर्नियातलं. 1976 मध्ये मरिन काउंटीत ‘रीपॅक’ शर्यत सुरू झाली: सुमारे साडेतीन किलोमीटरांत जवळपास 400 मीटरची उतरंड. जुन्या सायकलींचे हबमधले ब्रेक इतके तापायचे, की आतलं ग्रीस धूर होऊन निघून जायचं आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. रिमऐवजी हबजवळच्या चकतीवर पॅड दाबायचे, ही डिस्कची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. इंग्रज मोटार-अभियंता लँचेस्टरने तिचं पेटंट 1902 मध्येच घेतलं होतं आणि 1953 मध्ये डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने ल माँची मोटार शर्यत जिंकली होती. सायकलींवर ती रुळली ती थेट नव्वदीच्या दशकात.

आपल्याकडे सामान्य गॅरेजवाल्याचा हात डिस्कवर बसला तो मोटरसायकलीमुळे. 2001 साली आलेल्या बजाजच्या पल्सरला पुढे डिस्क होती. नेमका इथेच घोळ होतो. मोटरसायकलीत डॉट तेल असतं. शिमानो आणि मागुराच्या सायकल ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. एकाच्या जागी दुसरं भरलं की आतले रबरी सील फुगतात नाहीतर खराब होतात. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉटवर चालतात, म्हणून लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरवर लिहिलेलं वाचल्याशिवाय बाटली उघडू नये.

मुंबईसाठी निवड तशी सोपी. बहुतेकांना 160 मिलिमीटरचा रोटर, म्हणजे चकती, पुरतो. वजनदार स्वाराने किंवा घाट उतरणाऱ्याने पुढे 180चा घ्यावा. पावसाळ्यात सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड बरे: आवाज करतात, पण चिखलात टिकतात. नव्या पॅडना आधी रोटरशी जुळवून घ्यावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, चाक लॉक न करता तो हळूहळू उतरवायचा, असं वीसेक वेळा.

पंक्चरवाल्याची सायकल उलटी करण्याची सवय या ब्रेकला मानवत नाही. लिव्हरजवळच्या तेलाच्या टाकीत हवा असेल तर ती नळीत शिरते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून लिव्हर पिचपिचीत होतो आणि ब्लीडिंग करून हवा काढावी लागते. चाक काढल्यावर लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात, ते वेगळंच. म्हणून पॅडांमध्ये प्लास्टिकची पट्टी घालून ठेवतात. आणि परदेशातून आणलेल्या सायकलीचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. मोटरसायकलीची सवय असलेल्याने तो उजवीकडे घ्यावा, पण इथे केबल बदलून भागत नाही. नळ्या सोडवाव्या लागतात आणि बहुतेकदा ब्लीडिंगही पुन्हा करावं लागतं.