मद्य आणि मिरची

द्राक्षाच्या मद्याची जेवणाशीं सांगड घालणें ही आजची नवलाई होय, असें पुष्कळांस वाटतें. परंतु छत्रपति संभाजीनगरच्या परिसरास ह्या मद्याची ओळख फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक सागरवर्णनांत, भडोच बंदरीं इटलीचें मद्य उतरे आणि राजासाठीं उंची मद्य निराळें आणीत, अशी नोंद आहे. तेथून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण होतें. पैठणहून फार दूर नसलेल्या नेवासें येथील उत्खननांत रोमन मद्यकुंभांच्या खापऱ्याही सांपडल्या. पुढें चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूतानें तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात, असें लिहून ठेविलें.

मात्र ह्या सर्व काळांत दख्खनच्या ताटांत मिरची नव्हती. तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. मिरची मूळची अमेरिकेची. १४९८ नंतर पोर्तुगीजांच्या मागोमाग ती इकडे आली आणि पेल्याचें गणित पालटलें.

‘मांसासवें तांबडें मद्य’ हा युरोपांतील संकेत म्हणूनच येथें जसाच्या तसा चालत नाहीं. तांबड्या मद्यांत द्राक्षाच्या सालींचा तुरटपणा असतो. मिरचीच्या संगतीनें तो जिभेस अधिकच बोचतो. शहराच्या प्रसिद्ध नान-खलियाबरोबर थंड केलेलें, किंचित् गोडसर पांढरें मद्य अधिक शोभतें: त्याची गोडी आग शमविते, आंबटपणा रश्श्याच्या तवंगाचा ओशटपणा तोडतो. केवळ मीठमिरें लावून भाजलेल्या मांसास मात्र तांबडें खुशाल घ्यावें. ताटाचा इतिहास ठाऊक असला, म्हणजे पेल्याची निवड उसन्या नियमांवर सोंपवावी लागत नाहीं.