रसिक आणि चाहता : चित्रपट-पत्रकारितेच्या वाचकाचा इतिहास (१९३५–१९८३)

१

मराठी समीक्षेत 'रसिक' या संज्ञेला जी प्रतिष्ठा लाभली, ती 'चाहता' या शब्दाच्या वाट्याला कधी आली नाही. संस्कृत साहित्यशास्त्रातील 'सहृदय' ही कल्पना पचवून घडलेला रसिक कलाकृतीसमोर उभा असतो. चाहता कलावंतासमोर उभा असतो. रसिकाची अभिरुची व्यासंगाने संस्कारित झालेली, तर चाहत्याची ओढ आंधळी, असे त्या दोहोंतील अंतर गृहीत धरले जाते. मर्ढेकरांपासून पुढे कलाकृतीच्या स्वायत्ततेचा विचार जसजसा दृढ होत गेला, तसतसे कलावंताच्या व्यक्तिगत जीवनाविषयीचे कुतूहल समीक्षेच्या कक्षेबाहेर गेले. त्यामुळे चित्रपटविषयक नियतकालिके आणि त्यांत छापून आलेली वाचकांची पत्रे यांच्याकडे फार तर समाजशास्त्राची सामग्री म्हणून पाहिले गेले. तीही एका प्रकारच्या आस्वादाची साधने आहेत, हा विचार फारसा झाला नाही.

पाश्चात्त्य समीक्षेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. रिचर्ड डायर यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले, की तारका किंवा तारा ही केवळ व्यक्ती नसून चित्रपट, जाहिरात, बातम्या आणि समीक्षा अशा अनेक संहितांमधून घडलेली प्रतिमा असते. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्याला संहितेच्या रानात शिरून हवे ते वेचून नेणारा वाचक मानले. ही दोन्ही प्रतिपादने उपयुक्त आहेत. मात्र भारतीय चित्रपट-पत्रकारितेच्या इतिहासाला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत. या इतिहासात एक वेगळीच प्रक्रिया दिसते. कलावंताविषयी जे छापून येते त्याचा निवाडा चाहता पडद्यावरच्या प्रतिमेला प्रमाण मानून करतो. बातमी त्या प्रतिमेशी जुळली तर तो ती आत्मसात करतो, जुळली नाही तर तिची नव्याने मांडणी करतो. आणि बातमीच नसेल तर तिच्यावाचून त्याचे काही अडत नाही. ही प्रक्रिया कशी घडत गेली हे पाहण्यासाठी १९३५ ते १९८३ या काळातील काही निर्णायक प्रसंग विचारात घ्यावे लागतात.

२

बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये मुंबईहून 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्याआधीही गुजराती व इंग्रजी भाषांत चित्रपटविषयक नियतकालिके निघत होती. तथापि वाचकाला नियतकालिकाच्या रचनेतच स्थान देण्याचे काम 'फिल्मइंडिया'ने ज्या सातत्याने केले, त्याला तोड नव्हती. वाचकांच्या प्रश्नांना संपादकाने उत्तरे देण्याचे त्यातील सदर हे अंकाचे एक प्रमुख आकर्षण होते. प्रश्नकर्त्याचे नाव आणि गाव छापले जाई, आणि खाली पटेलांचे उत्तर असे: बहुधा आखूड, तिरकस आणि पुष्कळदा प्रश्नकर्त्याचीच फिरकी घेणारे.

या सदराचे स्वरूप नीट पाहिले तर एक विसंगती जाणवते. आवडत्या नटीविषयी जिव्हाळ्याने विचारणाऱ्या वाचकाच्या पदरी थट्टा येत असे, आणि तरीही प्रश्नांचा ओघ आटत नसे. काही प्रश्न संपादकाच्या टेबलावरच तयार होत असावेत, अशी शंका या प्रकारच्या सदराबाबत नेहमीच संभवते. पण ती मान्य केली तरी मूळ प्रश्न उरतोच. वाचकाला या टिंगलीत गोडी का वाटावी? याचे उत्तर सदराच्या नाट्यात्मतेत आहे. तमाशातील सोंगाड्या ज्याप्रमाणे समोरच्या प्रेक्षकाला ओढून आणतो आणि त्याची खिल्ली उडवतानाच त्याला खेळात सामावून घेतो, त्याच प्रकारे येथे दूरच्या गावातील वाचक मुंबईच्या चित्रपटसृष्टीशी चाललेल्या संवादात प्रवेश मिळवीत होता. उपहास ही त्या प्रवेशाची किंमत होती. शिवाय दर महिन्याला ही उत्तरे वाचून वाचक एक गोष्ट शिकत होता. कलावंतावर प्रेम करावे आणि त्याच वेळी त्याच्याविषयी छापलेल्या मजकुराकडे संशयाने पाहावे, ही ती गोष्ट. स्तुतिपर मजकुरामागे निर्मात्याचा पैसा असू शकतो, ही जाणीव पटेल स्वतःच वाचकाला करून देत. हा संशय एकदा अंगी बाणल्यावर वाचकाने तो खुद्द पटेलांच्या निवाड्यांवरही रोखला, तर त्यात नवल नाही.

३

या काळात छापील मजकूर आणि तोंडी वार्ता यांत एक अंतर होते. नीपा मजुमदार यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की बोलपटाच्या आरंभीच्या काळात स्त्री-कलावंतांच्या खासगी जीवनाविषयी छापील मजकूर बराच संयत राहिला आणि प्रवाद मुख्यतः तोंडोतोंडी पसरत राहिले. चित्रपटाला सुसंस्कृत घरांत मान्यता मिळवून द्यायची तर नट्यांची कुलीनता अधोरेखित करणे व्यवसायाला भाग होते. म्हणून जे छापले जात नव्हते ते ओळींमधून वाचण्याची सवय वाचकाला लागली.

मराठी प्रेक्षकांपुरते पाहिले तर शांता आपटे यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. 'प्रभात'च्या 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात जरठ-विवाहाविरुद्ध ठामपणे उभी राहणारी नीरा त्यांनी साकारली. १९३९ मध्ये करारासंबंधीच्या वादातून त्यांनी 'प्रभात'च्या दारात उपोषण केले, आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. पुस्तकाचे शीर्षक म्हणजे त्या काळच्या असंख्य चाहत्यांच्या मनातील प्रश्न आहे. नियतकालिकांनी चेतवलेल्या या प्रश्नाला येथे संपादकाऐवजी कलावंताने उत्तर दिले. पडद्यामागील कष्ट आणि शोषण यांची परखड मांडणी करून त्यांनी चाहत्याच्या स्वप्नाला वास्तवाची जोड दिली. भारतीय चित्रपट-कलावंताने वाचकाशी केलेल्या वैचारिक संवादाचे हे एक महत्त्वाचे उदाहरण मानावे लागते.

त्यांच्याविषयी आणखी एक हकिकत वर्षानुवर्षे सांगितली जाते. बाबूराव पटेलांनी केलेल्या मानहानिकारक लिखाणाने संतापून शांताबाई छडी घेऊन त्यांच्या कचेरीत गेल्या आणि त्यांना जाब विचारला, अशी ती कथा आहे. तिचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. येथे तिच्या खरेखोटेपणापेक्षा तिचे टिकून राहणे अर्थपूर्ण आहे. 'कुंकू'मधील नीरा अन्याय सोसत नाही. मग ती भूमिका करणारी नटी तरी तो का सोसेल? पडद्यावरच्या प्रतिमेशी ही कथा इतकी तंतोतंत जुळते, की ती लोकस्मृतीत रुजणे स्वाभाविक होते. पत्रकाराच्या लेखणीला चाहत्यांनी दिलेले उत्तर नेहमी पत्राच्याच रूपाने येते असे नाही. कधी ते आख्यायिकेच्या रूपाने येते.

४

पटेलांच्या निवाड्याचा आणि वाचकांच्या निवाड्याचा सामना कसा झाला, याचे स्पष्ट चित्र दिलीपकुमार यांच्या कारकिर्दीत दिसते. 'ज्वार भाटा' (१९४४) या त्यांच्या पहिल्याच चित्रपटाच्या परीक्षणात 'फिल्मइंडिया'ने या नव्या नटाची संभावना अशक्त, कुपोषित तरुण अशी केली होती. बरोबर दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, 'फिल्मफेअर'चे पहिले पुरस्कार मुंबईत दिले गेले. त्यांत 'दाग'मधील भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान दिलीपकुमार यांना मिळाला. 'फिल्मफेअर' हे पाक्षिक १९५२ मध्ये सुरू झाले होते, आणि या पुरस्कारांसाठी त्याने देशभरातील वाचकांचा कौल मागवला होता.

या दोन घटनांमधील बदल केवळ एका नटाच्या भाग्योदयाचा नाही. 'फिल्मइंडिया'चा वाचक एकेकटा होता. त्याला नाव आणि गाव होते, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत होते. 'फिल्मफेअर'च्या मतदानात त्याला निर्णयाचा अधिकार मिळाला, पण त्याचे नाव संख्येत विरून गेले. प्रश्न विचारणारा वाचक मत देणारा वाचक झाला. लोकशाही प्रजासत्ताकाचे ते आरंभीचे दिवस होते. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५२ मध्येच पार पडली होती. चाहत्याच्या प्रतिसादाने मतपत्रिकेचे रूप घ्यावे, हे त्या काळाशी सुसंगतच होते. मात्र मतपत्रिकेवर कारणे लिहिता येत नाहीत. अशक्त म्हणून हिणवला गेलेला तोच देह आणि तोच दबका स्वर लाखो प्रेक्षकांना व्याकूळ का करीत होता, याचे विवेचन त्या मतमोजणीतून हाती लागत नाही. चाहत्याला अधिकार मिळाला त्याच क्षणी त्याच्या युक्तिवादाला जागा उरली नाही, असे म्हणता येईल.

५

बातमी आणि प्रतिमा यांतील ताण १९५७ मध्ये 'मदर इंडिया'च्या निमित्ताने वेगळ्या पातळीवर गेला. चित्रीकरणाच्या वेळी लागलेल्या आगीतून सुनील दत्त यांनी नर्गिस यांना वाचवले, आणि १९५८ च्या मार्चमध्ये दोघांचा विवाह झाला. पडद्यावर ते आई आणि मुलगा होते. रोझी थॉमस यांनी १९८९ च्या आपल्या निबंधात असे मांडले आहे, की चित्रपटाची कथा आणि कलावंतांविषयीच्या वार्ता या परस्परांत गुंतलेल्या संहिता असून पावित्र्य, मातृत्व आणि नातेसंबंध यांविषयीची सामाजिक चर्चा त्या दोन्हींतून चालते. हा विचार पुढे नेला तर आगीच्या वार्तेचे कार्य स्पष्ट होते. चित्रपटातही राधा आगीत सापडते. नुसत्या प्रेमप्रकरणाची बातमी मातृप्रतिमेला तडा देणारी ठरली असती; पण प्राण पणाला लावून वाचवल्याची हकिकत त्या प्रतिमेच्या भाषेतच सांगता येण्यासारखी होती. म्हणूनच या विवाहाची गोष्ट सांगताना आजही आगीपासून आरंभ केला जातो.

१९७१ मध्ये 'स्टारडस्ट' निघाले आणि छापील संयम संपला. शोभा राजाध्यक्ष यांच्या संपादनाखाली या मासिकाने हिंदी आणि इंग्रजी यांची खेळकर सरमिसळ रूढ केली. पूर्वी तोंडी पसरणारा प्रवाद आता त्याच्या बोलीसकट छापला जाऊ लागला. अशा नियतकालिकांच्या पाठबळावाचून तारा टिकू शकत नाही, अशी समजूत या काळात बळावली. तिची कसोटी लवकरच लागली. आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर जे निर्बंध आले, त्यांमागे अमिताभ बच्चन यांचा हात असल्याचा संशय चित्रपट-नियतकालिकांत पसरला. बच्चन यांनी तो नाकारला. तरी नियतकालिकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्यांनीही मुलाखती देणे थांबवले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७), 'डॉन' (१९७८) आणि 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) हे चित्रपट याच काळातले. नियतकालिकांत अनुपस्थित असलेला हा नट चित्रपटगृहांत सर्वाधिक उपस्थित होता. चाहत्यांचा प्रतिसाद येथे तिकीट-खिडकीवर नोंदवला गेला. पडद्यावरचा विजय व्यवस्थेविरुद्ध एकाकी लढणारा होता. त्याला पाहणाऱ्यांच्या लेखी नटाचे मौनही त्या भूमिकेला साजेसेच ठरले असावे.

६

२६ जुलै १९८२ रोजी बंगळूर येथे 'कुली'च्या चित्रीकरणात बच्चन यांच्या पोटाला गंभीर दुखापत झाली. पुढे त्यांना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात आणले गेले. दैनिकांतून प्रकृतीची वार्ता रोज येत होती, रुग्णालयाबाहेर गर्दी होत होती, आणि ठिकठिकाणी सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांत त्यांच्यासाठी करुणा भाकली जात होती. नियतकालिकांनी वाळीत टाकलेल्या नटाची बातमी आता साऱ्या देशाची बातमी झाली होती.

१९८३ च्या अखेरीस 'कुली' प्रदर्शित झाला, तेव्हा दिग्दर्शक मनमोहन देसाई यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. दुखापतीच्या प्रसंगी चित्र क्षणभर गोठवून, नटाला इजा झाली ती हीच जागा, असे पडद्यावर लिहून दाखवले. आणि मुळात मरण पावणार असलेला इक्बाल अखेरीस जगतो, असा शेवट केला. पहिल्या कृतीने बातमी चित्रपटाच्या संहितेत शिरली. दुसरीने चाहत्यांची प्रार्थना कथानकात शिरली. आतापर्यंत प्रेक्षक पडद्याच्या आधारे बातमीचा निवाडा करीत होता. येथे त्याच्या निवाड्यानेच पडद्यावरची घटना बदलली. ज्याच्या जगण्यासाठी देशभर करुणा भाकली गेली त्याला कथेत मरू देणे दिग्दर्शकाला शक्य उरले नव्हते.

स्वायत्ततावादी समीक्षा या बदललेल्या शेवटाला व्यावसायिक तडजोड म्हणून बाजूला सारील, आणि कलामूल्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. पण 'कुली'चा शेवट असाच का, या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नाही. ते उत्तर संहितेच्या आत सापडत नाही. दैनिकाच्या पहिल्या पानावर आणि रुग्णालयाच्या दारात सापडते. मराठीतही 'रसरंग'सारख्या साप्ताहिकांनी चित्रपटाचा वाचकवर्ग घडवला. या नियतकालिकांचे जुने अंक रद्दीत गेले, तर त्यांच्यासोबत वाचकांची पत्रेही जातील, आणि प्रतिसादाच्या या इतिहासातील मराठी वाचकाचा आवाज कायमचा हरवेल. चाहता हा रसिकाचा विपर्यास आहे की त्याचाच एक अवतार, हा वाद तात्त्विक पातळीवर दीर्घकाळ चालू राहील. पण ज्याचा शब्द कलाकृतीचा शेवट बदलू शकला, त्याला आंधळा म्हणण्यापूर्वी त्याने लिहिलेले निदान वाचले जायला हवे.