फ्रंट २४२ : यंत्रांच्या ठोक्यावर जगाला नाचवणारा बँड मागे का पडला?

लष्करी पोशाख, काळे गॉगल आणि सिंथेसायझर. १९८१ साली बेल्जियममध्ये ‘फ्रंट २४२’ हा बँड सुरू झाला. आपल्या संगीताला त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक’ म्हटलं, म्हणजेच ईबीएम. कारखान्यातल्या मशीनसारखा न थांबणारा ठोका आणि त्यावर हुकूम सोडल्यासारखा जाँ-लुक द मेयरचा आवाज. ऐकायला रुक्ष वाटतं, पण पाय आपोआप हलायला लागतात.

१९८८ मध्ये ‘हेडहंटर’ आलं आणि बँड युरोप-अमेरिकेच्या क्लबमध्ये पोहोचला. अँटन कॉर्बिनने केलेल्या त्याच्या व्हिडिओत चक्क अंडी आहेत, एकदा बघाच! त्याच दशकात गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमध्येही ईबीएम वाजायचं. तिथले डीजे गाण्यातले शब्द कापून फक्त ठोका ठेवायचे. गोवा ट्रान्सच्या जन्मात या कॅसेटींचा वाटा आहे.

मग गाडी अडली कुठे? बँड ‘एपिक’सारख्या बड्या कंपनीकडे गेला, १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लोलापालुझा दौऱ्यातही वाजला. पण तोवर रॉकवाले श्रोते ‘नाइन इंच नेल्स’च्या गिटारकडे वळले होते आणि नाचणारे टेक्नोकडे. गंमत म्हणजे या दोघांनीही ईबीएममधून बरंच उचललं होतं. त्याच वर्षी दोन अल्बम काढूनही फ्रंट २४२ मधल्या मध्ये अडकला. २००३ च्या ‘पल्स’नंतर नवा स्टुडिओ अल्बम आलाच नाही. कार्यक्रम मात्र चालू राहिले. शेवटचा झाला जानेवारी २०२५ मध्ये, ब्रसेल्सला.