भुताचे नामांतर : 'फँटम', 'वेताळ' आणि 1996 चा चित्रपट

चित्रकथेचा चित्रपट होतो तेव्हा माध्यमांतराची चर्चा होते, नामांतराची सहसा होत नाही. ली फॉक यांच्या 'फँटम'च्या बाबतीत मात्र, निदान मराठी वाचकापुरते, नामांतर हेच अधिक मूलगामी रूपांतर ठरले. ही चित्रमालिका 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकी वृत्तपत्रांतून सुरू झाली. सायमन विन्सर यांचा 'द फँटम' हा चित्रपट 1996 मध्ये आला, तोवर हा नायक मुंबईच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून (1964 ते 1990) 'वेताळ' होऊन मराठी घरांत रुळून गेलेला होता.

फॉक यांच्या मूळ कल्पनेत अतिमानुष असे काहीच नाही. 1536 मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला एक गोरा पुरुष पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलगा बापाचा वेश चढवतो आणि अरण्यातील लोक त्यास एकच अमर पुरुष समजतात. एकविसाव्या पिढीपर्यंत 'भूत' हा घराण्याने राखलेला बनाव असतो. हे गुपित वाचकाला ठाऊक आहे, अरण्यवासीयांना (एक बांदार जमात वगळता) नाही. वाचनाचा आनंद या विषम ज्ञानावर उभा आहे, आणि हेच विषम ज्ञान वासाहतिक सत्तेचेही भांडवल होते, हे विसरता येत नाही.

'वेताळ' या शब्दाने हा बनावच मोडीत काढला. मराठी संस्कारात वेताळ हे सोंग नव्हे. तो भूतगणांचा अधिपती आहे, वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला धोंडा आहे, कोकण-गोमंतकात ग्रामरक्षक देवता आहे. 'वेताळपंचविशी'त तर तो राजालाच कोड्यात पाडतो. भयाचा धनी आणि गावाचा राखणदार ही दोन्ही नाती त्या एका नावात आधीच नांदत होती. परिणामी परका, गोरा, मुखवटाधारी राजा आपल्याच वेशीवरचा वाटू लागला. अनुवादाचे हे यश निर्विवाद आहे. पण त्याच यशाने राजाचे गोरेपण वाचकाच्या नजरेआड केले, हेही तितकेच खरे.

इंद्रजालच्या संपादकांना संकोच झाला तो अन्य नावांचा. मूळचा 'बेंगाली' देश 'डेंकाली' झाला, 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. गंमत अशी की चित्रपटकर्त्यांनाही तोच संकोच झालेला दिसतो. तेथे 'सेंघ' बंधुसंघ आणि 'बेंगाला' बेट आहे. अक्षरे बदलली, अरण्याची रचना बदलली नाही.

चित्रपटाने मात्र फॉक यांच्या कल्पनेचा कणाच बदलला. कथाकाळ 1938 चा. सोने, रूपे व जेड यांच्या तीन कवट्या एकत्र आल्या की संहारक शक्ती प्रकटते, आणि मृत पिता मुलाशी प्रत्यक्ष बोलतो. पटकथाकार जेफ्री बोम यांनी इंडियाना जोन्सच्या 1989 च्या चित्रपटाची पटकथा लिहिली होती. त्या खजिनाशोधाच्या साच्याचा ठसा येथे स्पष्ट दिसतो. ज्या अद्भुताला फॉक यांनी युक्ती ठरवले होते ते चित्रपटाने खरे केले. मराठी नावाने हे काम एकही कवटी न जोडता, कितीतरी आधी उरकले होते. चित्रपट पडद्यावर फार चालला नाही.

या अरण्याची वंशावळ पाहू गेल्यास आणखी एक गोष्ट हाती लागते. फॉक यांच्यावर किपलिंगच्या मोगलीकथांचा प्रभाव होता. 'बांदार' हे जमातीचे नावही त्याच कथांतील वानरसमूहावरून आलेले आहे. 1894 च्या 'जंगल बुक'चे शिवनीचे रान म्हणजे सातपुड्याचाच प्रदेश, आणि त्याच सातपुड्याचा पश्चिमेकडील भाग नंदुरबार जिल्ह्यात येतो. म्हणजे आपल्याच डोंगररांगेतले रान किपलिंगच्या हाती कथा झाले, अमेरिकेत आधी आशियाई आणि मग आफ्रिकी बनले, आणि 'डेंकाली' होऊन मराठीत परतले. परतताना त्यातील आदिवासींना मात्र वानरांचे नाव चिकटलेले होते. शहरी मध्यमवर्गीय मुलाला वेताळाच्या घोड्यावर बसणे सोपे होते. धानोऱ्यासारख्या, आदिवासीबहुल नंदुरबारमधील गावी हीच चित्रे उघडणाऱ्या भिल्ल मुलाला त्या चौकटीत दोन जागा मोकळ्या होत्या : एक सिंहासनावरची, दुसरी कवटीगुहेच्या दाराशी विषारी बाण घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची.